बाईंनी मत मागितलं

बाई कवळ्या बनवतात. दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या जबड्याचे ठसे डब्यांतून येतात. बाई त्यांत प्लास्टर ओततात, जबडा तयार करतात, त्यावर मेणात एकेक दात बसवतात, आणि मग साच्यात उकळणं, घासणं, पॉलिश असं सगळं होऊन कोणाचं तरी हसू डब्यात बंद होऊन परत जातं. ज्या तोंडात ते बसतं ते तोंड बाईंनी कधी पाहिलेलं नाही. लॅब म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं, मेण वितळवायचा दिवा, आणि सगळ्यावर प्लास्टरची भुकटी. संध्याकाळी निघताना बाईंच्या भुवयाही पांढऱ्या झालेल्या असतात.

त्या खोलीत फोन वाजतो तो फक्त तक्रारीचा. "टोचतंय." "हलतंय." "पेशंट म्हणतो, बोलताना शिट्टी वाजते." नीट बसलेल्या कवळीचा फोन इतक्या वर्षांत एकदाही आलेला नाही. एकदा बाईंनी न राहवून मालकांना विचारलं, "अहो, बाकीच्या कवळ्यांचं काय होतं?" मालक म्हणाले, "बाकीचे जेवतायत, बाई. जेवणारा माणूस फोन करतो का?" मालक स्वतःच्याच विनोदावर हसले. बाई हसल्या नाहीत.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढे जे घडलं त्यात बाईंचा मूर्खपणा किती आणि भूक किती, हे तुमचं तुम्हालाच ठरवायचंय. मला विचाराल तर मी बाईंच्या बाजूचा आहे, आणि तरीही त्यांना दोन शब्द सुनवावेत असं मला आजही वाटतं.

घरी नवरा. पाण्याचे मीटर वाचत जन्म गेला, आता निवृत्त. माणूस वाईट नाही हो! व्यसन नाही, आदळआपट नाही. पण बायको काय करते याची चौकशी त्याने कधी केली नाही. दात बनवते, एवढं त्याला माहीत. आणि कामावरून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फोनवर काहीतरी खुडखुड करते, त्याला तो म्हणायचा 'बाईसाहेबांची बिनपगारी नोकरी'.

ही बिनपगारी नोकरी म्हणजे इंटरनेटवरचा एक ज्ञानकोश. कोणीही लिहावा, कोणीही सुधारावा, असा. बाई त्यात शिरल्या त्या रागाने. एक दिवस सहज 'कवळी' शोधायला गेल्या, तर तिथे लिहिलेलं: कवळी रोज उकळत्या पाण्यात धुवावी. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उकळत्या पाण्यात घातली तर वाकडी होईल की ती! बाजूला 'संपादन' असं बटण होतं. बाईंनी ते दाबलं आणि वाक्य खोडून नीट लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाहतात तर उकळतं पाणी परत जागेवर, आणि खाली कोणीतरी विचारलेलं, 'संदर्भ?'

संदर्भ म्हणजे काय, मी रोज करते की हे! पण तिथे 'मी रोज करते' चालत नाही. छापलेलं कुठे आहे ते दाखवा, म्हणाले. बाई मालकांच्या कपाटातून जुनं पाठ्यपुस्तक घेऊन आल्या, पान हुडकलं, आकडा टाकला. मग ते वाक्य राहिलं. आजही आहे, जाऊन बघा. त्या दिवशी बाईंना जे काही झालं त्याला प्रेम म्हणावं की खोड लागली म्हणावं, कोण जाणे.

त्यानंतर बाईंनी 'दुरुस्तीवाली' या टोपणनावाने तिथे संसारच थाटला. ज्याला कोणी हात लावत नाही असे लेख त्या घ्यायच्या. धरणं, पूल, पिकांवरच्या किडी, रंगांचे कारखाने. लोकांनी उत्साहात काहीबाही लिहून ठेवलेलं असायचं, ते तपासायचं, संदर्भ शोधायचे, नसले तर उडवायचं. सकाळी चहाबरोबर गस्त घालायची. म्हणजे रात्रीतून कोणी कोणाच्या लेखात शिव्या लिहून गेलंय का ते बघायचं आणि पुसायचं. पुसलेल्या शिव्यांचे आभार कोण मानणार? पुसल्या आहेत हेच कोणाला कळत नाही.

आता त्या मंडळींत एक रीत होती. कोणाही संपादकाने स्वतःच्या नावाचं एक पान उघडायचं आणि बाकीच्यांना विचारायचं, माझं काम कसं आहे, मोकळेपणी सांगा. त्याला 'मत मागणं' म्हणत. मतं चांगली आली की मग पुढे माणसाला 'प्रचालक' करायचे. प्रचालक म्हणजे ज्याच्या हाती किल्ल्या असतात, लेख कुलूपबंद करणं, दंगेखोराला बाहेर काढणं वगैरे. बाईंना किल्ल्यांची फार हौस नव्हती. खरं सांगू? बाईंना ते पान हवं होतं. ज्यांना काम कळतं अशा माणसांनी आपल्या नावाखाली लिहावं की बाई, तुमचं काम चांगलं आहे. बस्स. एवढ्यासाठी सगळं रामायण.

त्या ज्ञानकोशात एक ज्येष्ठ प्रचालक होते, त्यांना सगळे 'आजोबा' म्हणायचे. कोणी पाहिलेले नव्हते, कदाचित बाईंच्या सासरी गेलेल्या मुलीच्या वयाचेही असतील. त्यांनी एक दिवस निरोप टाकला, 'ताई, आता तुम्ही मत मागायला हरकत नाही.' झालं! बाई चार दिवस त्या एका परिच्छेदावर बसल्या. दात घासताना वाक्य सुचायचं, लॅबमध्ये मेण तापेपर्यंत बदलायचं. शेवटी लिहिलं ते असं: 'मी इथे काही वर्षं काम करते आहे. माझं काम कसं वाटतं ते मोकळेपणी सांगावं. चुका दाखवाव्यात. राग मानणार नाही.' यातलं शेवटचं वाक्य तेवढं खोटं होतं.

मग सुरू झालं वाट पाहणं. कोणी लिहीना. बाई दर थोड्या वेळाने पान उघडायच्या आणि मिटायच्या. तिसऱ्या दिवशी एकाने लिहिलं, 'काम चालू ठेवा. शुभेच्छा.' बाई चिडल्या. शुभेच्छा कसल्या देतोस, मेल्या, मी काय गावाला चाललेय? मग आली 'टाचणी'. हीसुद्धा एक संपादक, नावाप्रमाणेच वागणारी. तिने लिहिलं, 'कष्टाळू आहेत, वाद नाही. पण नवख्या माणसाचं लिखाण उडवताना त्याला दोन शब्द समजावून लिहीत नाहीत. तो माणूस परत फिरकत नाही.'

टाचणीचं चुकलं नव्हतं, हे मी बाईंच्या बाजूचा असूनही सांगतो. बाई तोडूनच टाकायच्या. 'संदर्भ नाही' एवढं लिहायचं की पुढचा लेख. पण टोचलं ते टोचलं. आणि त्यानंतर पुन्हा शांतता. ज्यांच्या लेखांची ओझी बाईंनी वाहिली, ज्यांच्या भांडणांत मध्ये पडून शिव्या खाल्ल्या, ती सगळी मंडळी मूग गिळून बसली. रोज तिथे वावरत होती, कीटकांवर लिहीत होती, गडकोटांवर लिहीत होती. बाईंच्या पानावर कोणी येईना. लॅबमध्ये बाईंच्या हातून एका जबड्याचे सुळे उलटसुलट बसले. असं कधी झालं नव्हतं.

घरी भाजी करपली तेव्हा नवऱ्याने पेपर बाजूला ठेवला. "अगं, कोणी गेलं का?"

"कोणी गेलं नाही."

"मग असं तोंड का?"

आणि बाईंनी सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ज्ञानकोश म्हणजे काय, गस्त म्हणजे काय, मत मागणं म्हणजे काय, हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. तो ऐकत होता. ऐकून म्हणाला, "किती जण आहात तुम्ही तिथे?"

"असतील दोन-तीनशे."

"आणि लिहिलं दोघांनी?"

"एकीने लिहिलं. दुसऱ्याने शुभेच्छा दिल्या."

नवरा हसणार होता, पण बायकोकडे पाहून त्याने हसू आवरलं. "लिहितील गं," म्हणाला, "लोकांना कामं असतात." आणि करपलेली भाजी त्याने मुकाट्याने संपवली.

दोन दिवसांनी बाई लॅबमध्ये डबा खाता खाता फोन उघडतात तर पानावर तीन नवी मतं! एक 'सत्यप्रिय' नावाच्या माणसाचं: 'दुसऱ्याचं वाक्य मोडण्याआधी या बाई दहा वेळा विचार करतात, पण हे कोणाच्या लक्षात येत नाही.' दुसरं 'एक वाचक' यांचं: 'ज्या रटाळ लेखांकडे कोणी ढुंकून बघत नाही ते या निमूटपणे नीट करतात. यांनी काम थांबवलं तर आठवड्यात इथे उकिरडा होईल.' तिसरं 'ज्ञानमित्र' यांचं: 'स्वतः तपासल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाहीत. अशी माणसं आता राहिली नाहीत.'

बाईंचा घास हातात राहिला. अगदी हेच! अगदी हेच त्यांना कोणीतरी म्हणायला हवं होतं. नुसतं 'छान' नाही, 'उत्तम' नाही, तर काय चांगलं आहे ते नेमकं बोट ठेवून. म्हणजे कोणीतरी बघत होतं! इतकी वर्षं कोणीतरी गुपचूप बघत होतं! अंगावर मूठभर मांस चढलं त्यांच्या. त्या दिवशी एका डॉक्टरांचा 'टोचतंय' म्हणून फोन आला तर बाई गोड आवाजात म्हणाल्या, "पाठवा ना, बघते," आणि मालकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे दोनदा पाहिलं.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला तिन्ही मतं मोठ्याने वाचून दाखवली. तो म्हणाला, "असं का? बरं झालं," आणि पेपरात तोंड घातलं. कान मात्र लाल झाले होते. बाईंना वाटलं, बायकोचं कौतुक ऐकून अवघडला असेल.

सुख किती टिकलं म्हणाल, तर दोन दिवस. तिसऱ्या दिवशी आजोबांचा निरोप आला, पानावर नाही, खासगीत. 'ताई, ती तीन खाती एकाच दिवशी उघडलेली आहेत, आणि तिन्ही तुमच्याच घरच्या इंटरनेटवरून. असं दिसलं की आम्हाला तपासावंच लागतं. घरातल्या कोणाचा उत्साह असेल तर पानावर तेवढं एक वाक्य लिहा. समज देऊन मिटवू.'

बाईंनी निरोप पुन्हा पुन्हा वाचला. घरात माणसं किती? दोन. त्यातल्या एका माणसाचे कान लाल झाले होते. बाई लॅबमधून तडक घरी आल्या, भुवयांवरची भुकटीसुद्धा न झटकता.

"तुम्ही लिहिलंत?"

नवऱ्याने ताकास तूर लागू न द्यायचा प्रयत्न केला, पण त्याला ते जमत नाही. "काय झालं? कमी पडलं का?" म्हणाला. "एकाने म्हटलं तर कोण विचारतो? तिघांनी म्हटलं की चौथाही म्हणतो. म्हणून तीन नावं घेतली."

"अहो, तिथे याला लबाडी म्हणतात! एका माणसाने अनेक तोंडं लावून बोलायचं म्हणजे... मी स्वतः लोकांना याच्यासाठी पकडून दिलंय!"

"लबाडी कसली? खोटं लिहिलं का एक तरी अक्षर?"

बाई जरा वेगळ्या आवाजात, जरा हळू म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळलं पण? वाक्य मोडण्याआधी मी विचार करते, ते... तुम्ही वाचलंत माझं काम?"

हा प्रश्न विचारताना बाईंच्या मनात काय होतं ते मी सांगायला नको. संताप होता, पण संतापाच्या खाली एक वेडी आशाही होती. की हा माणूस दुपारी एकटा बसून धरणांचे लेख वाचत असेल. खाती गेली खड्ड्यात, पण निदान घरातल्या माणसाने वाचलं असेल.

"छे!" नवरा म्हणाला. "मला काय कळतंय त्यातलं? तूच बोलत असतेस की भांडी घासताना. 'वाक्य मोडण्याआधी दहादा विचार करते मी, पण कोणाच्या लक्षात येतंय?' 'मी हात काढला तर आठवड्यात उकिरडा होईल.' कितीदा ऐकलंय मी. तेच लिहिलं. 'मी'च्या जागी 'या बाई' केलं."

बाई खुर्चीवर बसल्या. त्याला वाटलं, राग उतरला. त्याने पंखा लावला.

आता इथे बाईंना दोन शब्द सुनवावेत असं मला वाटतं ते ऐका. आजोबांनी दार उघडं ठेवलं होतं. 'घरच्यांचा उत्साह, मला कल्पना नव्हती, क्षमस्व.' एवढं लिहायचं होतं, आणि ते खरंही होतं! पण बाई लिहायला बसल्या आणि त्यांची ती जुनी खोड आडवी आली. खाती नवऱ्याची. ठीक. पण वाक्यं कोणाची? कोणी म्हटलं हे, आधी कुठे म्हटलं? इतकी वर्षं त्यांनी हेच विचारून लोकांना जेरीला आणलं होतं. आता स्वतःवर आल्यावर अर्धवट लिहून हात झटकायचे? त्यांना ते जमेना. त्यांनी लिहिलं: 'ही तिन्ही खाती माझ्या नवऱ्याने मला न सांगता उघडली. त्यांनी माझं काम वाचलेलं नाही. त्या मतांमधली वाक्यं मूळची माझी आहेत, मी घरात बोललेली. ती मतं काढून टाकावीत.'

अहो बाई! कोणी विचारलं होतं तुम्हाला? नडला ना शेवटी तुमचा तो संदर्भ!

तासाभरात टाचणीने लिहिलं, 'म्हणजे स्वतःची स्तुती स्वतःच्या शब्दांत, तीन तोंडांनी. आणि दोष नवऱ्यावर. कबुलीबद्दल आभार.' दुसऱ्याने लिहिलं, 'नवऱ्याने केलं, भावाने केलं, हे पकडलेला प्रत्येक जण सांगतो.' आजोबांनी सावरायचा प्रयत्न केला, पण 'वाक्यं माझी आहेत' हे बाईंच्याच सहीने लिहिलेलं असताना ते तरी काय सावरणार? नियमाप्रमाणे कारवाईची चर्चा सर्वांना खुली झाली.

आणि मग लोक आले. इतके दिवस ज्या पानावर कावळा फिरकत नव्हता तिथे रांग लागली. 'धरणांवरचे लेख आज वाचण्याजोगे आहेत ते यांच्यामुळे. म्हणूनच जास्त वाईट वाटतं.' 'माझा पहिला लेख यांनीच मार्गी लावला होता. आभार मानायचे राहून गेले. पण नियम तो नियम.' 'इतकं काटेकोर काम मी इथे दुसऱ्या कोणाचं पाहिलेलं नाही. धक्का बसला.' 'आमच्या भांडणात यांनी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं होतं, ते मी विसरलेलो नाही. तरीही कारवाई व्हावी.' ज्याने शुभेच्छा दिल्या होत्या तोसुद्धा आला आणि चांगलं परिच्छेदभर लिहून गेला. एका कीटकवाल्याने लिहिलं, 'यांनी संदर्भ दिला की मी पुन्हा बघत नसे, इतका विश्वास होता. आता सगळं पुन्हा तपासावं लागेल.' त्याखाली बऱ्याच जणांनी 'सहमत' लिहिलं.

निकाल तसाच लागला. खातं राहील, प्रचालकपद कधीही नाही, आणि बाईंनी आजवर केलेलं काम इतर संपादक वाटून घेऊन तपासतील. ते पान तसंच राहणार. अशा पानांवरचं काहीच पुसलं जात नाही, कोणीही कधीही उघडून वाचावं.

नवरा त्या दिवसांत घरात पाहुण्यासारखा वावरत होता. आपल्या हातून काहीतरी बिघडलंय एवढं त्याला कळत होतं, किती ते कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती. शेवटी एका सकाळी बाई टेबलाशी बसून ते पान वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचत असताना त्याने चहाचा कप आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि भीतभीत विचारलं, "काय म्हणतात लोक?"

बाईंनी वर पाहिलं. मनात आलं असतं तर त्या दिवशी त्यांनी त्याला भाजून काढला असता, आणि ते योग्यच झालं असतं. पण बाई खोटं बोलत नाहीत, आणि विचारलेल्या प्रश्नाला एकच खरं उत्तर होतं.

"काम चांगलं आहे म्हणतात," बाई म्हणाल्या.

"सगळे?"

"सगळे."

त्याचा जीव भांड्यात पडला. खुर्ची ओढून तो समोर बसला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला. "बघ! म्हणजे लोकांच्या मनात होतं गं. नुसतं बोलत नव्हते एवढंच."

"हो," बाई म्हणाल्या. "मनात होतं."

त्यांनी फोन पालथा ठेवला, चहा तसाच टाकून उठल्या आणि कामाला जायला चपला पायात घातल्या.